गजभिये भाऊंचे तीन साक्षीदार

गजभिये भाऊंच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला तेव्हा मी जर्सी सिटीजवळच्या कर्नीमध्ये एका घराबाहेर रांगेत उभी होते. म्हातारं माणूस गेलं की इथे पुष्कळदा घरातलं सगळं सामान घरातच मांडून विकतात, आणि जुन्या वस्तूंचा धंदा करणारे माझ्यासारखे लोक सकाळी लवकर येऊन नंबर लावतात. माझा नंबर सहावा होता. "मावशी, बाबा गेले," ती म्हणाली. "वॉकवरून आले, शूज काढायला खुर्चीत बसले, अँड... उठलेच नाहीत." मी काय बोलले ते आठवत नाही. तेवढ्यात दार उघडलं, रांग हलली, आणि खरं सांगायचं तर मी आत गेले. इतक्या वर्षांची सवय पायांना असते. आतल्या खोलीत पलंगाखाली जुन्या फोटोंचा एक खोका होता. सवयीनंच वरचा फोटो उचलला आणि मागची बाजू बघायला उलटा केला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. आता ते लिहिणारं कुणी उरलं नाही, हे तेव्हा मला कळलं आणि मी त्या परक्या माणसाच्या पलंगावर बसले. पण रडू यायच्या आधी दुसराच एक विचार आला, आणि तो पुढे कित्येक दिवस गेला नाही. त्या फोटोचं भाऊंना कळलं होतं का...

कोणता फोटो, ते सांगते. त्याआधी भाऊ कोण होते ते सांगायला हवं.

मी मूळची मिरजेची. वडिलांचं मोडीचं दुकान होतं. लोक फुटकी पितळी भांडी, गळके बंब आणून द्यायचे आणि वडील तराजूत टाकण्याआधीच वजन सांगायचे. माझं खरं शिक्षण तिथं झालं. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर जर्सी सिटीत आले. बरीच वर्षं मला कामाची परवानगीच नव्हती. ती मिळाली तेव्हा नोकरी न शोधता मी रविवारच्या फ्ली मार्केटमध्ये, जुन्या वस्तूंच्या बाजारात, एक टेबल भाड्यानं घेतलं. मराठी मंडळातल्या बायका आपसात मला भंगारवाली म्हणायच्या. आज त्यांच्याच हॉलमध्ये माझ्याकडून घेतलेले दिवे लटकतात, आणि एकीलाही मी एक डॉलर सोडलेला नाही. भाव करताना माझा आवाज चढतो. भांडण झालं की मी ते विसरत नाही. हे माझे गुण म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते.

एका रविवारी एक उंच, सावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि पाऊण तास हललेच नाहीत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोंचा एक डबा होता, त्यातला एकेक काढून ते भिंगातून बघत होते. घेत काहीच नव्हते. शेवटी मी नवऱ्याला मराठीत म्हणाले, "हे काय म्युझियम समजून आलेत काय?" तशी त्यांनी मान वर केली. "घेतो ना, ताई. पण तुम्ही याच्यावर आयर्लंड लिहून ठेवलं, हे आयर्लंड नाही. हे स्कॉटलंड होय. भाव वाढवून घ्या, मग घेतो." भाव वाढवून घ्या म्हणणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं. जाताना त्यांनी हात जोडून "जय भीम" केलं. मीही केलं. आमच्या पंधरा वर्षांच्या ओळखीचा तो पहिला दिवस.

गजभिये भाऊ नागपूरचे. तिथं सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे, मग कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं काम शिकून इकडे आले. त्यांच्या कंपनीला एकदा जुने फोटो आणि जुने नकाशे जुळवायचं कंत्राट मिळालं होतं. फोटो कुठला आहे ते ओळखायचं आणि नकाशावर त्या जागी टिंब द्यायचं. टेबलं वाटली गेली तेव्हा कुणाला फ्रान्स आलं, कुणाला इटली. भाऊंच्या टेबलावर स्कॉटलंडची खोकी आली. दोन वर्षांनी कंत्राट संपलं, बाकीचे दुसऱ्या कामाला लागले. भाऊंचं स्कॉटलंड मात्र सुटलं नाही. त्या देशात त्यांनी कधीही पाऊल टाकलं नव्हतं, पण फाइफच्या किनाऱ्यावरच्या कोणत्या गावात चर्चच्या मनोऱ्याला घड्याळ आहे आणि कोणत्या गावात घड्याळाची नुसती गोल जागा ठेवली आहे, हे ते चहा ओतता ओतता सांगत. त्यांच्या पत्नी शीलावहिनी वारल्यावर तर चौदाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर जेवण कमी आणि नकाशेच जास्त असायचे.

आणि माझ्या हाताशी कर्नी होतं. आमच्यापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. तिथल्या सुताच्या गिरण्यांत काम करायला एके काळी स्कॉटलंडहून घरंच्या घरं आली. त्यांची नातवंडं आता एकेक करून जात आहेत, आणि माळ्यावरून त्यांच्या आज्यांचे अल्बम खाली येत आहेत. किल्ले, बंदरं, शाळेची मुलं, दारात उभ्या बायका, आणि मागे अक्षरसुद्धा नाही. असे फोटो मी उचलायचे, शनिवारी सकाळी भाऊंकडे न्यायचे. भाऊ तर्री पोहे करायचे, जाळ तिखट, आणि मी नाक पुसत असताना ते भिंग घेऊन बसायचे. ओळखणं त्यांचं, गिऱ्हाईक आणि पत्रव्यवहार माझा. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. एकच अट होती, अल्बम तोडायचा नाही. मी हो म्हणायचे आणि तोडायचे. अखंड अल्बम विकायला वर्ष लागतं, सुटे फोटो एका रविवारात जातात.

त्यांची ओळखण्याची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं. फोटोत न हलणाऱ्या तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत, ज्या नकाशाशी किंवा दुसऱ्या नाव असलेल्या फोटोशी जुळतात. खडक, धक्क्याच्या पायऱ्या, छपराचा उतार, चिमण्यांची संख्या. त्यांना ते साक्षीदार म्हणायचे. तिन्ही साक्षीदार मिळाले की मऊ पेन्सिलीनं मागे गावाचं नाव लिहायचे. दोनच मिळाले तर नावापुढे प्रश्नचिन्ह. एका जाड वहीत प्रत्येक फोटोचं एक पान असे, त्यावर एक, दोन, तीन आकडे घालून साक्षीदारांची नावं. एकदा टेक्सासहून आलेला एक धिप्पाड माणूस माझ्या टेबलावरचा किल्ल्याचा फोटो छातीशी धरून म्हणाला, हा माझ्या घराण्याचा किल्ला. भाऊंनी फोटो घेऊन बुरूज मोजले आणि शांतपणे सांगितलं, "सर, हा तुमचा नाही, तुमच्या शेजाऱ्यांचा आहे. ज्यांनी तुमचा जाळला, त्यांचा." मी कपाळावर हात मारला. त्या माणसानं हसत हसत तो घेतला, आणि पुढच्या महिन्यात खरा मिळाला तोही घेतला. तेव्हापासून भाऊंचं नाव हाच माझ्या मालाचा शिक्का झाला. "श्री. गजभिये यांनी ओळखलेला," एवढं लिहिलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नसे.

किल्ल्यांत मात्र त्यांना रस नव्हता. "किल्ला तर कोणीही ओळखते, ताई. माझं काय काम तिथं? त्याच्या खाली जे घरं दिसून राहिले ना, त्याहीचं नाव कोणी लिहून नाही ठेवलं." मी एकदा वैतागून विचारलं, या गोऱ्या कोळिणींशी तुमचं काय नातं आहे, भाऊ? त्यांनी भिंग खाली ठेवलं. "माझ्या आजीचा एक फोटो नाही माझ्याजवळ. आमची वस्ती होती तिथून आता रस्ता गेला. जुन्या नकाशातही ती नाही, मी पाहिलं. पण कोणा साहेबानं कधी काढलाच असेल फोटो, तर तो कुठं तरी पेटीत असेल. मागे नाव नसेल. अन् कोणी तरी अंदाजानं भलतंच नाव लिहून विकला असेल..." शेवटचं वाक्य मला उद्देशून नव्हतं. तेव्हा तरी नव्हतं.

गेल्या वर्षी कर्नीच्याच एका घरातून मला एक अल्बम मिळाला. त्यातला एक फोटो असा होता की हातात धरल्याबरोबर मला त्याची किंमत कळली. गोट्यांच्या किनाऱ्यावर चार बायका बसून गळांना आमिष लावताहेत, पाठीमागे बुटकी घरं, कोपऱ्यात एका घोड्याचा छकडा, आणि वर सुळक्यावर पडक्या किल्ल्याचा बुरूज. तिसरी बाई कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. भाऊंनी तीन शनिवार घालवले आणि म्हणाले, दोन गावं शक्य आहेत. दोन्ही एकाच किनाऱ्यावर, थोड्याच मैलांवर, दोन्हीकडे बुरूज. मी त्यांना उत्तरेचं गाव आणि दक्षिणेचं गाव म्हणते, खरी नावं देत नाही. बुरुजाचा ढासळलेला कोपरा उत्तरेच्या गावाशी जुळत होता, धक्क्याच्या पायऱ्या जुळत होत्या. तिसरं काही मिळेना. त्यांनी मागे उत्तरेच्या गावाचं नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. उत्तरेच्या गावात इतिहासाची आवड असलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. मोराग नावाची निवृत्त शिक्षिका ते चालवते, आणि तिनं आजवर माझ्याकडून अडतीस फोटो घेतले होते. प्रश्नचिन्हाचा फोटो ती घेत नाही. मी भाऊंना म्हणाले, "एवढ्या एका टिंबासाठी अडवता काय?" ते म्हणाले, "टिंब माझं नाही, ताई. फोटोचं आहे."

त्या रविवारी मी फोटो टेबलावर मांडला. एक बाई आल्या, त्यांचं आजोळ उत्तरेच्या गावचं. मी सांगून टाकलं की हे तेच गाव, आमच्या नकाशेतज्ज्ञांनी ओळखलंय. पाकीट उघडलं गेलं होतं. भाऊ माझ्या मागेच घडीच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मी शक्यता आहे एवढंच म्हटलं आहे. खात्री नाही." बाईंनी फोटो जागेवर ठेवला. आजूबाजूच्या दोन टेबलांवरचे लोक बघत होते. त्या बाजारात माझ्या शब्दावर वस्तू जायची. ती पत तयार करायला मला किती पावसाळी, किती बर्फाळ रविवार लागले ते मलाच माहीत.

व्हॅनमध्ये टेबल चढवताना मी बोलले. बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "मराठीत सांगता आलं नसतं? बाजूला घेऊन? त्या बाईला कळलंही नसतं."

"म्हणूनच," भाऊ म्हणाले. "मराठीत सांगतलं असतं तर तुम्हाले सांगणं झालं असतं. फोटो तर त्या बाई घेऊन राहिल्या होत्या."

मी व्हॅनचं दार आपटून लावलं. खऱ्या बोलण्याचाच राग जास्त येतो. आजही येतो. त्यांच्या पाठीमागे हे लिहिते आहे तरी सांगते, मला खुणेनं थांबवता आलं असतं. मागून नुसतं "ताई" म्हटलं असतं तरी मी समजले असते... किंवा नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो फोटो पालथा ठेवला आणि खोडरबरानं प्रश्नचिन्ह पुसलं. दोन मिनिटांचं काम. मग मोरागला लिहिलं, श्री. गजभिये यांनी ओळखलेला. तिचं उत्तर तासाभरात आलं.

त्यानंतर आठ महिने मी भाऊंकडे गेले नाही. लोकांना वाटलं बाजारातल्या अपमानामुळे. मलाही तसंच वाटून घ्यायला सोयीचं होतं. खरं म्हणजे शनिवार आला की मला भाऊंसमोर जायचीच भीती वाटायची. मोराग त्यांच्या मंडळाच्या वेबपेजवर फोटो लावते आणि खाली भाऊंचं नाव घालते. भाऊ ते पान बघत असतील का? बघितलं तर मोरागला लिहितील का? दर वेळी तिची मेल आली की उघडण्याआधी मी ओट्याशी उभी राहून पाणी प्यायचे. मेलमध्ये हवापाण्याच्या गप्पा असायच्या. महिने गेले, काहीच झालं नाही, आणि काही होत नाही याचीच जास्त धास्ती वाटू लागली. बाजारात परक्या बाईसमोर उठून उभा राहणारा माणूस असा गप्प कसा बसेल? एकदा इंडियन ग्रोसरीच्या दुकानात ते भेंडी निवडताना दिसले. एकेक भेंडी मोडून बघत होते, नेहमीसारखी. मला बघून म्हणाले, "बरं झालं, ताई. तुम्हाला एक विचारायचं होतं." मला वाटलं, आलं. मी म्हणाले, "घाई आहे, भाऊ, गाडी चुकीच्या जागी लावलीय," आणि ट्रॉली तशीच सोडून बाहेर पडले. ती शेवटची भेट.

अंत्यविधीला पांढऱ्या कपड्यांतली बरीच माणसं होती, नागपूरची, अमरावतीची, न्यूयॉर्कहून आलेली तरुण मुलंमुली. त्रिशरण-पंचशील झालं. मी मागच्या रांगेत उभी होते. प्रज्ञा शोधत आली आणि हात धरून पुढे घेऊन गेली. नंतर म्हणाली, "मावशी, फ्लॅट मंथ-एंडला द्यायचाय. बॉक्सेस आणि बाबांच्या वह्या... आय कान्ट रीड दिस. त्यांचं अक्षर मला लागत नाही. तुम्हीच बघा ना. तुम्हालाच माहितीये त्यांचं काम." मी हो म्हणाले. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

त्याच आठवड्यात मोरागची मेल आली. मी भाऊंची बातमी कळवली होती, त्यावर तिनं फार चांगलं लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की मंडळ गावाच्या जुन्या फोटोंचं पुस्तक छापतं आहे, ते आता श्री. गजभिये यांच्या स्मृतीला अर्पण करायचं ठरलं आहे. आणि मुखपृष्ठावर तो चार बायकांचा फोटो. गावानं सभेत हात वर करून निवडला. तीन आठवड्यांत छपाई.

मी आयुष्यभर सौदे केले, तेव्हा आधी सौदाच करून पाहिला. मोरागला फोन लावला आणि म्हणाले, माझ्याकडे याहून चांगला फोटो आहे, बंदराचा, मोठ्या आकाराचा, तो मी तुम्हाला भेट देते, मुखपृष्ठावर तोच शोभेल. ती म्हणाली, किती चांगल्या आहात तुम्ही, पण आता ते शक्य नाही. गावात नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत. सभेत तो फोटो पडद्यावर आला तेव्हा त्या उठून म्हणाल्या, ती तिसरी, हसणारी, ती माझी आजी. सगळं सभागृह रडलं. आजी आता रोज विचारतात, पुस्तक कधी येणार... मी फोन ठेवला. ओट्याशी उभी राहिले. फोटो दक्षिणेच्या गावाचा असेल तर? तिथं कुणाकडे याचीच दुसरी प्रत असेल, मागे नाव लिहिलेली? पुस्तक बाहेर पडेल, कुणी तरी ती प्रत घेऊन येईल, आणि पहिल्या पानावर गजभिये भाऊंचं नाव असेल. माझं नाही. चूक त्यांची ठरेल. उरलेल्या अडतीस फोटोंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि ते तर आता उठून सांगायला येणार नाहीत.

दोन दिवस मी नवऱ्यावर, फोनवर, पार्किंगवाल्यावर ओरडत होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. कागदावर लिहून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. मागे प्रश्नचिन्ह होतं, ते मी खोडलं, भाऊंनी खात्री दिली नव्हती. मोरागनं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "का?" मी म्हणाले, राग आला होता. हे इंग्रजीत फारच छोटं वाटलं. ती म्हणाली, मला मंडळाला सांगावं लागेल. आजींनाही. चार दिवसांनी कळवलं, पुस्तक थांबवलं आहे. मंडळातले काही जण म्हणताहेत, माझ्या हातून आलेला एकही फोटो आता धरायचा नाही. अडतीसच्या अडतीस काढून टाकायचे. बाकीच्यांनी एक महिन्याची मुदत दिली. प्रत्येकाचा पुरावा दाखवा.

पुरावा भाऊंच्या वह्यांत होता. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्याच टेबलाशी बसते आहे. मोरागकडे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. तिकडे ती फोटो आणि नकाशा घेऊन बसते, इकडे मी वही उघडून एकेक साक्षीदार इंग्रजीत सांगते. पहिला, चर्चच्या ओसरीला पाच खांब. दुसरा, विहिरीची दगडी टोपी. तिसरा, शाळेच्या भिंतीतली बुजवलेली खिडकी. ती तिच्या नकाशावर बघते आणि "येस" म्हणते. प्रज्ञा खोकी बांधता बांधता मध्ये येऊन ऐकते. "बाबांनी हे सगळं इथे बसून शोधलं?" ती एकदा म्हणाली. "मला वाटायचं टाइमपास करतात." पहिल्या दोन शनिवारी एकवीस फोटो झाले, एकही चुकीचा निघाला नाही. तरी प्रत्येक "येस" येईपर्यंत मी वहीतल्या त्या ओळीवरून बोट उचलायचे नाही. भाऊंच्या कामाची परीक्षा होती, आणि ती माझ्यामुळे होती.

तिसऱ्या शनिवारी शेवटची वही निघाली. अडतिसावा फोटो झाला, मोराग हसली, आणि मी सहज पान उलटलं. वर मथळा होता, "ताईंचा फोटो." खाली आकडे. एक, बुरुजाचा कोपरा. दोन, धक्क्याच्या पायऱ्या. तीन, आणि पुढे कोरी जागा. त्याखाली बारीक अक्षरात नोंदी, पानामागून पानं. आमचं भांडण झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यातली एक, "गावाच्या वेबपेजवर माझ्या नावानं लागला आहे. तिसरा लवकर शोधला पाहिजे." मग छपरांची मापं, खोडलेली. भरतीच्या वेळा, खोडलेल्या. दक्षिणेच्या गावाच्या वाचनालयाला लिहिलेलं पत्र, त्यांचं नकाराचं उत्तर. आठ महिने ते माझं खोटं खरं करायला धडपडत होते. त्यांना सगळं माहीत होतं... शेवटची नोंद ते गेले त्याच्या आधीच्या आठवड्यातली. "छकड्याच्या घोड्याचा पुढचा एक पाय पांढरा. हाच घोडा असलेला, त्याच दिवशीचा दुसरा फोटो असणार. ताईंना विचारायचं. अल्बममध्ये याच्या आधीच्या पानावर काय होतं?"

मोराग विचारत होती, काय झालं. मी तिला वाचून दाखवलं. आणि वाचता वाचताच मला आठवलं, कारण माल मी विसरत नाही. आधीच्या पानावर एक दगडी पूल होता. पुलावर तोच छकडा, तोच पांढऱ्या पायाचा घोडा. अल्बम तोडला तेव्हा तो फोटो मी सुटा केला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पहिल्याच रविवारी विकून टाकला. हिरवी छत्री घेतलेल्या एका बाईला, तिला बाथरूममध्ये लावायला काही तरी हवं होतं. स्वस्तातला म्हणून त्याचा स्कॅनसुद्धा केला नव्हता.

मोराग स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "आमच्या गावच्या पुलाला तीन कमानी आहेत," ती म्हणाली. "दक्षिणेच्या गावच्या पुलाला दोन. नीट आठवून सांगा. किती होत्या?"

तिला काय ऐकायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुखपृष्ठ, सभागृह, त्या आजी. तीन म्हटलं की सगळं मिटत होतं. भाऊंच्या पानावरची जागा भरत होती, माझा धंदा वाचत होता, आणि जगात कुणीही ते खोटं ठरवू शकलं नसतं. कोण जाणे, ते खरंही असेल. प्रज्ञा चिकटपट्टी हातात धरून दारात थांबली होती. मी डोळे मिटले आणि तो फोटो पुन्हा टेबलावर मांडला. घोडा. छकडा. पुलाचा कठडा. खाली डावीकडून एक कमान. मग दुसरी. त्याच्या पुढे...

"दोन दिसताहेत," मी मोरागला म्हणाले. "त्याच्या पुढे मी किमतीचं लेबल चिकटवलं होतं."